कॅमेऱ्याआधी कान

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. चित्र कृष्णधवल, आणि दूरचित्रवाणी संच असलेली घरे मोजकीच. त्या सुरुवातीच्या वर्षांत मराठी बातम्या वाचणाऱ्यांमध्ये एक सावळी, मोठ्या डोळ्यांची, शिक्षण घेत असलेली मुलगी होती. तिचे नाव स्मिता पाटील. जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५ चा. घराण्याचे मूळ मात्र धुळे जिल्ह्यातील शिरपूरचे. वडील शिवाजीराव गिरधर पाटील समाजवादी विचारांचे कार्यकर्ते, पुढे राज्याचे मंत्री; आई विद्याताई परिचारिका आणि समाजसेविका. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वावरल्यामुळे लोकांसमोर उभे राहण्याचा संकोच तिच्याजवळ नव्हता. पण बातम्या वाचण्याचे स्वप्न उराशी धरून ती दूरदर्शनच्या दारी गेली होती, असेही नाही.

तिच्या चरित्रांतून येणारी हकीकत अशी. छायाचित्रकार दीपक किरपेकर यांनी तिची काही छायाचित्रे काढली होती. त्यांच्या पत्नी ज्योत्स्ना किरपेकर दूरदर्शनवर बातम्या वाचत. ती छायाचित्रे केंद्रात नेली असता संचालक पी. व्ही. कृष्णमूर्ती यांच्या दृष्टीस पडली आणि त्यांनी ही मुलगी कोण म्हणून चौकशी केली. त्यानंतर तिची चाचणी झाली आणि ती वृत्तनिवेदिका झाली. जीन्सवरच साडी गुंडाळून ती बातम्या वाचायला बसे, ही आठवण तर महाराष्ट्रात घरोघरी सांगितली गेली. कॅमेऱ्याला मेजाच्या वरचे तेवढेच दिसते! पुढे श्याम बेनेगल यांचे लक्ष तिच्याकडे गेले, १९७५ मध्ये 'चरणदास चोर' आला, १९७७ चा 'भूमिका' तिला राष्ट्रीय पुरस्कार देऊन गेला, आणि बातम्यांचे मेज मागे राहिले.

खानदेशाशी नाते सांगणारी ही कथा मनोहर आहे, आणि नेमकी म्हणूनच ती विद्यार्थ्याची दिशाभूल करू शकते. बारावीचा निकाल लागला की जळगावच्या दाणाबाजारात किंवा धुळ्याच्या पाच कंदील परिसरात पेढी असलेल्या घरांतूनही आता कधीकधी वेगळा सूर निघतो. मुलगी म्हणते, वाणिज्य शाखा नको, वृत्तवाहिनीत जायचे आहे. घरातल्यांच्या डोळ्यांसमोर लगेच पडद्यावरचा चेहरा उभा राहतो. आजी म्हणते, दिसायला चांगली आहे, जमेल. वडिलांना चिंता असते मुंबईच्या भाड्याची, आणि काकांना लोक काय म्हणतील याची. या साऱ्या चर्चेत चेहरा असतो, पैसा असतो, प्रतिष्ठा असते. बातमी मात्र कोठेच नसते.

वाचणे आणि बातमी मिळवणे ही दोन वेगळी कामे आहेत. निवेदक दुसऱ्याने लिहिलेला मजकूर स्वच्छ आवाजात पोहोचवतो. बातमीदार घटनास्थळी जातो, माणसांना बोलते करतो, त्यांचे म्हणणे तपासतो आणि थोड्या वेळात मांडतो. चांगला निवेदक बहुधा आधी चांगला बातमीदार असतो. कारण थेट प्रक्षेपणात समोरचा माणूस अनपेक्षित काही बोलला, तर तिथे लिहून दिलेला कागद कामास येत नाही. स्मिता पाटील यांना जे दार छायाचित्रामुळे उघडले, ते अपवादाचे दार होते. बहुतेकांसाठी या व्यवसायाचे दार कानाने उघडते.

त्याचा दाखला धुळ्यातच आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे राजबंदी होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक याप्रमाणे त्यांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. तेथे ना ध्वनिक्षेपक, ना ध्वनिमुद्रण. श्रोत्यांत साने गुरुजी होते आणि ते ऐकता ऐकता लिहून घेत होते. आज 'गीता प्रवचने' म्हणून अनेक भाषांत वाचला जाणारा ग्रंथ हा असा एका कानाने आणि एका हाताने टिकवलेला आहे. बोलणाऱ्याचा वेग, त्याचा दृष्टान्त, त्याचा थांबा जपायचा आणि त्यात आपली भर घालायची नाही, हे काम दिसते त्यापेक्षा फार अवघड आहे. कोणत्याही वाहिनीतील नवख्या बातमीदाराला पहिल्या आठवड्यात हेच काम मिळते. आलेली ध्वनिफीत ऐकायची आणि बोललेले शब्दशः उतरवून काढायचे. त्याचा कंटाळा येणाऱ्यांची संख्या मोठी असते.

गुरुजींचा तो कान अचानक तयार झाला नव्हता. त्याआधी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना आणि वसतिगृह सांभाळताना ते मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. छापखाना नाही, जाहिराती नाहीत, वाचक वसतिगृहातली मुले. तरी दैनिक म्हणजे दैनिक. पुढे 'विद्यार्थी' मासिक आले, 'काँग्रेस' साप्ताहिक आले आणि १९४८ मध्ये 'साधना'. आजच्या विद्यार्थ्याला वसतिगृहाच्या भिंतीऐवजी हातातला मोबाइल मिळाला आहे. साधन बदलले, रोज काहीतरी सत्य आणि ताजे तयार करून ठरल्या वेळी लोकांपुढे ठेवण्याची सक्ती तीच आहे. ज्याला ती सक्ती महिनाभर पेलत नाही, त्याने महाविद्यालयाचे शुल्क भरण्यापूर्वीच थांबलेले बरे.

मग आरंभ कोठे करावा? जळगावात आकाशवाणीचे केंद्र १९७६ पासून आहे, धुळ्यातही आहे. हंगामी निवेदकांसाठी आकाशवाणी वेळोवेळी लेखी परीक्षा व आवाजाची चाचणी घेते. निवड झालेल्यांना प्रशिक्षण मिळते आणि महिन्यातून मोजक्या पाळ्या. मानधन अल्प असते. त्यावर संसार चालत नाही, चालावा अशी अपेक्षाही नसते. पण शिकणाऱ्या मुलाला सेकंदाचे भान तेथे येते. निवेदन नऊ सेकंद लांबले की पुढचा कार्यक्रम नऊ सेकंद उशिरा सुरू होतो, आणि ते साऱ्या जिल्ह्याला ऐकू जाते. बातम्यांच्या बाजूला जिल्ह्याच्या ठिकाणी अंशकालीन वार्ताहर असतात. त्यांच्याकडून गेलेल्या चार ओळी प्रादेशिक बातमीपत्रात कशा येतात, हे शेजारी बसून पाहता आले तर एका सत्राचा अभ्यास झाला असे समजावे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. खासगी एफएम वाहिनीत निवेदक झाले की पत्रकार झाले, असे अनेक पालक धरून चालतात. भारतात खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी पुन्हा ऐकवण्याची मुभा आहे. सामुदायिक रेडिओचीही स्थिती तीच. तेथे आवाज घडतो, श्रोत्याशी सलगी साधण्याची कला येते, पण बातमी घडत नाही. ज्याला बातमीच करायची आहे त्याने हे आधी जाणून घ्यावे.

व्यापारी घरातील मुलाजवळ एक भांडवल असते, त्याची किंमत त्याला स्वतःला कळत नाही. घरात मारवाडी, कच्छी किंवा गुजराती. दुकानात गिऱ्हाइकाशी अहिराणी. शाळेत प्रमाण मराठी. मालाच्या पत्रव्यवहारात हिंदी. चार भाषांत वावरणारा हा मुलगा चोपड्याच्या शेतकऱ्याला, भुसावळच्या रेल्वे कामगाराला आणि साक्रीच्या आदिवासी पाड्यावरील आजीबाईंना बोलते करू शकतो. मुंबईहून आलेल्या बातमीदाराला हे जमत नाही. तथापि तोच मुलगा सूक्ष्मश्रवणयंत्रापुढे बसला की घाबरतो, कारण 'ळ' आणि 'य', 'ण' आणि 'न' यांची सरमिसळ जिभेवर बसलेली असते. उपाय साधा आहे आणि कंटाळवाणाही. रोज वर्तमानपत्रातील एक बातमी मोठ्याने वाचावी, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी, ऐकावी आणि जेथे अडखळले तेथे खूण करावी. पहिले पंधरा दिवस स्वतःचा आवाज ऐकवत नाही. त्यानंतर चुका ऐकू येऊ लागतात. बोलीची लाज मात्र बाळगू नये. निवेदन प्रमाण भाषेत, मुलाखत समोरच्याच्या बोलीत, एवढा भेद सांभाळला की पुरे.

कानासाठी लिहिणे हे डोळ्यांसाठी लिहिण्याहून निराळे. वर्तमानपत्राचा वाचक वाक्य न कळल्यास पुन्हा वर जाऊन वाचतो. श्रोत्याला ती सवलत नाही. म्हणून वाक्य आटोपशीर हवे, एका वाक्यात एकच गोष्ट हवी, आणि कोणी सांगितले ते आधी, काय सांगितले ते नंतर. आकडे गोल करून सांगावेत. दोन कोटी सत्त्याण्णव लाख चाळीस हजार हे ऐकणाऱ्याच्या मनात राहत नाही. सुमारे तीन कोटी राहते. व्यापारी घरातल्या मुलाला हे गोलीकरण खटकते, कारण रोजमेळात पैचाही फरक चालत नाही. तो खटका चांगलाच आहे. मूळ आकडा वहीत पूर्ण लिहिलेला असावा, बोलताना गोल करावा, आणि कोणी विचारल्यास वही दाखवता यावी.

सरावासाठी जळगाव जिल्ह्यात केळीच्या भावासारखा विषय नाही. रावेर, यावल पट्ट्यात भाव जाहीर होतो. बांधावर प्रत्यक्ष मिळणारा भाव त्याहून कमी असल्याची तक्रार शेतकरी करतात. व्यापारी सांगतो की मालाची प्रत एकसारखी नसते, वाहतूक आहे, वाटेत नासधूस आहे, उत्तरेच्या बाजारात मागणी घटली की गाडी परवडत नाही. विद्यार्थ्याने या विषयावर नव्वद सेकंदांचे वृत्त तयार करून पाहावे. एक शेतकरी, एक व्यापारी, एक केळी कापणारा मजूर, आणि बाजार समितीचा कागद. चौघांसाठी नव्वद सेकंद! पहिल्या प्रयत्नात ते वृत्त चार मिनिटांचे होते. कापता कापता कोणाचे वाक्य प्रथम गळले, हे पाहण्याजोगे असते. बहुधा मजुराचे गळते. व्यापाऱ्याच्या घरातील मुलाने वृत्त केले असेल तर कधी शेतकऱ्याचेही गळते, आणि त्याच्या ते लक्षातही येत नाही. व्याख्यानांपेक्षा हा एक प्रयोग अधिक शिकवून जातो.

शिक्षणसंस्थांची माहिती आता सहज मिळते, म्हणून तिचा विस्तार नको. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेचे अमरावतीला केंद्र असून तेथे मराठी पत्रकारिता शिकवली जाते. प्रवेश घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: विद्यार्थ्याच्या हाती कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक आठवड्यातून किती तास येतो? चकचकीत स्टुडिओचे छायाचित्र माहितीपत्रकावर असणे आणि त्या स्टुडिओची किल्ली विद्यार्थ्यांना मिळणे यांत अंतर असते. खासगी संस्थांच्या लाखांच्या शुल्कापेक्षा पदवीची तीन वर्षे घरी राहून, कोणताही विषय नीट शिकून, सोबत आकाशवाणी किंवा स्थानिक वाहिनीत उमेदवारी करणे अनेकांच्या हिताचे ठरेल. अर्थशास्त्र किंवा वाणिज्य शिकलेला बातमीदार अर्थसंकल्पाच्या दिवशी सोन्यासारखा असतो. वाणिज्य शाखा सोडायलाच हवी असे नाही.

उत्पन्नाचे सत्य लपवण्यात अर्थ नाही. सन २००० मध्ये ई टीव्ही मराठी आले आणि जिल्ह्याजिल्ह्यातील बातम्या मराठी पडद्यावर नियमित दिसू लागल्या. २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा या चोवीस तासांच्या वाहिन्या सुरू झाल्या. तेव्हापासून जिल्ह्यात वाहिनीचा बूम माइक घेऊन फिरणारी मंडळी दिसतात. त्यांतील पुष्कळजण पगारदार नसतात. ते स्ट्रिंगर असतात, म्हणजे जितक्या बातम्या लागतील तितक्यांचे पैसे. कॅमेरा स्वतःचा, पेट्रोल स्वतःचे, आणि देयक कधी येईल ते सांगता येत नाही. उधारीचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या घरांना यातील जोखीम समजावून सांगावी लागणार नाही. प्रसारणाच्या धंद्यात मोठेही बुडाले आहेत. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत सुरू झालेली इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी खासगी भांडवलाची होती. तीन वर्षे पुरी होण्यापूर्वीच, १९३० मध्ये, ती गुंडाळावी लागली आणि सरकारने प्रसारण हाती घेतले. पेढीचा आधार असलेल्या मुलाला उमेदवारीची दोन-तीन वर्षे काढणे इतरांपेक्षा सोपे जाते, हे मान्य करावे. त्या आधाराची मुदत मात्र घरात बसून आधीच ठरवावी. जळगावच्या भवरलाल जैन यांनी हाती आलेली सरकारी अधिकाऱ्याची नोकरी न स्वीकारता १९६३ मध्ये सात हजार रुपयांच्या पुंजीवर रॉकेल विकण्यास आरंभ केला, ही गोष्ट खानदेशात सर्वांना पाठ आहे. सुरक्षित वाट सोडण्याचे कौतुक व्यापारात जेवढे होते तेवढे इतरत्र होत नाही, एवढेच.

घरचे आणखी प्रश्न विचारतात ते खरे असतात, आणि त्यांना हसून उडवून लावणे योग्य नव्हे. वृत्तकक्ष पाळ्यांवर चालतो. चौविहार पाळणाऱ्या मुलीने दुपारी चार ते रात्री बाराच्या पाळीत सूर्यास्तापूर्वी जेवण कसे उरकावे? डबा सोबत असला आणि पाळीप्रमुखाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवले, तर पंधरा मिनिटे मिळू शकतात. न सांगता मनात कुढत राहिले तर मिळत नाहीत. त्याहून अवघड प्रश्न पर्युषणाचा. संवत्सरी गणेशचतुर्थीच्या आगेमागे येते आणि दिगंबर परंपरेतील दशलक्षण पर्व पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत चालते. म्हणजे आराधनेचे दिवस आणि महाराष्ट्रातील वृत्तवाहिन्यांच्या सर्वाधिक धावपळीचे गणेशोत्सवाचे दिवस एकमेकांना चिकटलेले. तेव्हा सुटी मागणाऱ्यांची रांग लांब असते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री कामावर उभे राहण्याची तयारी दाखवणाऱ्याला भाद्रपदात दोन दिवस मिळण्याची शक्यता वाढते, आणि ही देवघेव समजायला व्यापाऱ्याच्या मुलाला वेळ लागत नाही.

कायद्याच्या काही गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून माहीत हव्यात. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा आहे. केवळ नावच नव्हे, गल्ली, शाळा, वडिलांचा व्यवसाय यांवरून ओळख पटेल असेही काही दाखवता येत नाही. गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलाचेही तसेच. लहान गावात हे फार सांभाळावे लागते. शिरपुरात किंवा पाचोऱ्यात 'बाजारपेठेतील एका किराणा दुकानदाराची मुलगी' एवढे म्हटले तरी लोक नाव सांगून मोकळे होतात.

राहिला तो प्रश्न, जो घरात सहसा कोणी उघडपणे विचारत नाही. समाजाला पत्रकारिता परकी नाही. जवाहरलाल दर्डा यांनी १९७१ मध्ये नागपूरहून 'लोकमत' दैनिक सुरू केले. २००८ मध्ये त्या समूहाच्या भागीदारीतून 'आयबीएन लोकमत' ही वृत्तवाहिनी आली. परंतु मालकाची खुर्ची वेगळी आणि बातमीदाराचा स्टूल वेगळा. बातमीदार झालेल्या मुलाकडे पहिल्या वर्षीच कोणा नातेवाइकाचा फोन येतो. भेसळीच्या तपासणीत एखाद्या परिचिताच्या गोदामाचे नाव आलेले असते, किंवा व्यापारी संघटनेतील वाद चव्हाट्यावर आलेला असतो. फोनवर कोणी धमकी देत नाही. मायेनेच बोलतात, "तुला लहानपणापासून खेळवलं रे, एवढं सांभाळून घे." या मायेला उत्तर देणे पोलिसांच्या दटावणीला उत्तर देण्याहून कठीण असते. दुकानात उधारी मागायला जाताना जो संकोच होतो, त्याच जातीचा हा संकोच आहे.

त्यातून बाहेर पडण्याची वाट वृत्तकक्षांत रुळलेली आहे. बातमीदार स्वतःच असाइनमेंट डेस्कला फोन करून सांगतो की हे गोदाम माझ्या आत्याच्या घरचे आहे, बातमी दुसऱ्या कोणाकडे द्या. तो बातमी दाबत नाही आणि स्वतः करतही नाही. डेस्क धुळ्याच्या सहकाऱ्याला जळगावला पाठवते, किंवा जळगावच्या माणसाला धुळ्याला. संध्याकाळी ती बातमी लागते आणि रात्री आत्याचा फोन येतो.